मदत हवी आहे: जुना जपानी रेल्वे गेम, विंडोज ११ आणि व्हर्च्युअल मशीन

दांडियाबाजारकर:
मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

बाबा पश्चिम रेल्वेत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. १९९९ च्या सुमारास आतेभाऊ जपानला होता, त्याने त्यांच्यासाठी लोकल चालवायचा एक गेम आणला होता. तेव्हा आमच्या बडोद्याच्या घरात कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे सीडी माळ्यावर गेली. परवा आवराआवरीत सापडली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खोक्यावर विंडोज ९५/९८ लिहिलंय.

लॅपटॉप विंडोज ११ चा, रॅम ८ जीबी, सीडीसाठी बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह. सेटअप थेट चालवला तर 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' एवढंच येतं. कम्पॅटिबिलिटी मोडचे सगळे पर्याय करून झाले. दुकानदाराला विचारलं तर म्हणे नवीन गेम घ्या. सल्ल्याबद्दल त्याचे आभार.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) जुन्या डेस्कटॉपची विंडोज एक्सपी टाकली. त्यात गेम इन्स्टॉल झाला, सुरूही होतो. पण मेनूत जपानी अक्षरांऐवजी कचरा दिसतो: शेपटीवाला एफ, चौकोनी कंस, पुन्हा तोच एफ. बाबांना जपानी येत नाही हे खरं, पण मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करता आलं असतं. या कचऱ्याचं काय भाषांतर होणार? सीडीची आयएसओ (एका फाइलमधली नक्कल) करून लावली आहे तर संगीत वाजत नाही. आणि गाडी धक्के खात चालते. बाबा म्हणाले, एवढे धक्के तर मालगाडीलाही बसत नाहीत.

एक्सपी काढून ९८ टाकू का?

टवाळ_टग्या:
यूट्यूबवर जपानी ट्रेनच्या केबिनमधले तासन्‌तासाचे व्हिडिओ आहेत. बाबांना ते लावून द्या, सुटाल.

दांडियाबाजारकर:
ते बघून झालेत. त्यात ब्रेक लावता येत नाही ही तक्रार आहे.

खटपट्या:
९८ च्या नादी लागू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ९८ साठी गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे खास ड्रायव्हर) नाहीत, १६ रंगांत अडकून बसाल. शिवाय नव्या प्रोसेसरवर ते पॅच केल्याशिवाय नीट उठतही नाही. एक्सपीच ठेवा.

विंडोज ११ वर सेटअप का चालला नाही? त्या काळी बऱ्याच गेमचा मुख्य प्रोग्राम ३२ बिटचा असायचा, पण सेटअप १६ बिटचा. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचं काही चालवायची सोयच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यामुळे कम्पॅटिबिलिटी मोड कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

आता अक्षरं. गेम शिफ्ट-जिस या जपानी एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) लिहिलेला, तुमची एक्सपी ते पाश्चात्त्य कोडपेजने, म्हणजे इंग्रजीसारख्या भाषांच्या अक्षरतक्त्याने वाचते. काताकाना या जपानी लिपीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट ८३ (हेक्स), आणि पाश्चात्त्य कोडपेजात ८३ म्हणजे तो शेपटीवाला एफ. म्हणून सगळीकडे तोच. एक्सपीच्या कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडा. लँग्वेजेस टॅबवर पूर्व आशियाई भाषांच्या फाइल्सवर टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, ती हाताशी ठेवा. २३० एमबीच्या आसपास जागा लागते. मग ॲडव्हान्स्ड टॅबवर 'नॉन-युनिकोड प्रोग्राम्स'ची भाषा जपानी करा आणि रीस्टार्ट. गेम मात्र काढून पुन्हा इन्स्टॉल करा, कारण फोल्डर आणि फाइल्सची नावंही कचऱ्यात तयार झालेली असतील. नंतर फाइलच्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसेल. बिघडलेलं काही नाही, जपानी विंडोजवर ते तसंच दिसतं.

संगीत: अशा सीडीत पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे साध्या ऑडिओ सीडीसारखे गाण्यांचे. आयएसओत फक्त डेटा येतो, गाणी मागेच राहतात. अख्खी सीडी घ्यायची तर बिन-क्यू इमेज (गाण्यांसकट सगळे ट्रॅक घेणारी नक्कल) करावी लागते. तुमच्याकडे ड्राइव्ह आहेच, तर आधी मूळ सीडीच घाला आणि व्हीएमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये पासथ्रू (खरा ड्राइव्ह थेट व्हीएमच्या हवाली करणारा पर्याय) चालू करून बघा. पूर्वी सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जायची आणि गाणी त्यातून वाजायची, आठवतंय? व्हीएममध्ये ती वायर कुठली! म्हणून एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सीडी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधला 'डिजिटल सीडी ऑडिओ' चालू करा.

धक्क्यांचं नंतर बघू. व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का?

दांडियाबाजारकर:
दिसतंय! मला वाटलं लोगो आहे.

खटपट्या:
😀 त्याचा अर्थ हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, आड येऊन बसलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करून रीस्टार्ट करा. मात्र तेवढं संरक्षण कमी होतं. बँकेची कामं त्याच लॅपटॉपवर असतील तर खेळून झालं की परत चालू करत जा.

माळ्यावरची_पेटी:
एक भर. एक्सपीचं नेटवर्क कार्ड व्हीएमच्या सेटिंगमधून काढूनच टाका. एप्रिल २०१४ पासून तिला अपडेट नाहीत आणि रेल्वे गेमला इंटरनेट लागत नाही. एवढं करून खिडकीतली चित्रं तुटकच दिसली तर ८६बॉक्स हा प्रोग्राम बघा. तो त्या काळचं आख्खं मशीन, ग्राफिक्स कार्डासकट, सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो आणि त्यात ९८ मजेत चालते. फक्त प्रोसेसर चांगला दणकट हवा, साध्या लॅपटॉपचा त्यात जीव जातो.

दांडियाबाजारकर:
खटपट्या, साष्टांग नमस्कार. अक्षरं आली, येनसुद्धा आला. कासव गेलं आणि गाडी लोण्यासारखी पळते. आयएसओ काढून मूळ सीडी घातली तेव्हा गाणंही वाजलं. बाबांनी पहिल्याच स्टेशनवर गाडी फलाटाच्या पुढे नेली आणि दोष ब्रेकच्या बटणाला दिला. आता त्यांना हातात धरायला काहीतरी हवंय. भाच्याचा यूएसबी गेमपॅड आहे, पण एक्सपीला तो दिसतच नाही.

खटपट्या:
व्हीएम बंद करा, सेटिंगमध्ये यूएसबी ३ असेल तर १.१ किंवा २ करा. एक्सपीकडे ३ चा ड्रायव्हर नाही. मग चालू करून वरच्या डिव्हायसेस मेनूत यूएसबी उघडा आणि गेमपॅडच्या नावावर टिक करा. तेवढ्या वेळापुरता तो विंडोज ११ मधून गायब होईल, भाच्याला आधीच सांगून ठेवा.