उन्हाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू होत नाहीये : बॅटरी की सेल्फ (स्टार्टर)? (नागपूर)

मंडळी, मदत हवी आहे.

आईबाबा मार्चअखेरीलाच बहिणीकडे पुण्याला गेले. त्यांची गाडी त्रिमूर्तीनगरच्या घरी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती, अख्खा नवतपा तिने तिथेच काढला. पुढच्या आठवड्यात ते परत येताहेत आणि बाबांना डोळे दाखवायला धंतोलीत न्यायचंय, म्हणून मी मानेवाड्याहून येऊन गाडी काढायला गेले, तर ती सुरूच होईना.

छोटी पेट्रोल गाडी आहे, एएमटी (क्लच नाही, गिअर आपोआप पडतात). बॅटरी ३५ एएच (अँपिअर-अवर), स्टिकरवरच्या तारखेप्रमाणे दोन वर्षांची, वॉरंटी शिल्लक आहे.

रिमोटने दार उघडलंच नाही, किल्ली घालावी लागली. डॅशबोर्डचे दिवे लागतात पण मरगळलेले. सेल्फ मारला की नुसतं टकटकटकटक, आणि तेवढ्यात दिवेही मालवतात. इंजिन जरासुद्धा फिरत नाही. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर पांढरी भुकटी जमली आहे. दिराचं मल्टीमीटर लावून पाहिलं तर ११.६ व्होल्ट.

जवळच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला. गाडी न बघताच तो म्हणाला, "बॅटरी गेली, नवीन टाका. सेल्फपण खोलून पाहावा लागेल." उन्हाळाभर नुसत्या उभ्या गाडीचं दोन्ही एकदम कसं जाईल, हे काही मला पटलं नाही.

त्यात आणखी एक भानगड आहे. गाडी नाक भिंतीकडे करून उभी आहे. एएमटीला 'पी' (पार्किंग) नसतो, म्हणून बाबा गिअरमध्ये ठेवूनच बंद करतात. आता बॅटरीत जीव नाही, त्यामुळे लिव्हर 'एन'वर (न्यूट्रलवर) आणला तरी आतला गिअर सुटत नाही, आणि गाडी मागे ढकलता येत नाही. शेजारचे काका त्यांची मोठी डिझेल गाडी लावायला तयार आहेत, पण ती गेटपर्यंतच येते. तिथून जंपर केबल बॉनेटपर्यंत पोचत नाही.

तर, यात सेल्फचा काही संबंध आहे का? घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरीही १२ व्होल्टचीच आहे, ती लावून गाडी सुरू करता येईल का? आणि वॉरंटीत बॅटरी बदलून मिळेल का?

प्रतापनगरवाला :
ताई, सेल्फले कोणाला हात लावू देऊ नका. सेल्फ बिघडला असता तर एकच मोठा 'टक्' आला असता अन् दिवे झकास लागले असते. तुमचे दिवेच झोपून राहिले, म्हणजे बॅटरी उतरली, बस. पहिले ती भुकटी काढा. कोमट पाण्यात खायचा सोडा टाका, जुन्या टूथब्रशनं घासा, क्लॅम्प चांगला कसा. हातमोजे घाला, ते ॲसिडचं काम आहे. अन् बॉनेट उघडंच आहे तर वायरी पाहून घ्या. बंद घर, सावलीतली गाडी, उंदरांना आणखी काय पाहिजे?

जुना_डिझेलवाला :
वरच्यांशी सहमत. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) वगैरे मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट खातात. दिवसाला ०.७ एएच धरा. तुमची ३५ एएचची बॅटरी महिन्याभरात अर्ध्याहून जास्त रिकामी होते, आणि उकाड्यात ती आपोआपही लवकर उतरते. पूर्ण भरलेली असेल तर १२.६ दाखवते. ११.६ म्हणजे रिकामीच.

इन्व्हर्टरची बॅटरी नको. चालेल, पण पन्नास किलोचं धूड, आत ॲसिड, कुठे नाचवणार? करंट गाडीपर्यंत नेण्यापेक्षा बॅटरीच बाहेर काढा. तुमची दहा किलोच्या आतबाहेर असेल. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. बॅटरीच्या दुकानात हळू चार्ज करायला सांगा, साडेतीन अँपिअरच्या वर नको, दहा-बारा तास. मग काही तास तशीच ठेवून व्होल्टेज बघा आणि लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या. त्यात पास झाली तर नवीन कशाला? नापास झाली तरच वॉरंटीचा दावा करा. नुसती उतरलेली बॅटरी कंपन्या बदलून देत नाहीत, चार्ज करून परत देतात.

मात्र घाई करा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती भरतच नाही.

वर्धारोड :
काचेवर डॅशकॅम आहे का? थेट फ्यूजबॉक्समधून वायर घेतलेली असेल तर तो गाडी बंद असतानाही चालू असतो. शिवाय पीयूसीची तारीख बघा, उभ्या गाडीचीही संपते.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. बॅटरी काढून स्कूटीच्या पायापाशी ठेवून दुकानात नेली. चार्ज करून दुसऱ्या दिवशी १२.५ दाखवत होती, लोड टेस्टही पास. लावली आणि गाडी सुरू झाली. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.१ व्होल्ट येतात, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही ठीक असावा. हँडब्रेक सोडल्यावरही मागचं चाक अडलं होतं, जरा पुढेमागे केल्यावर कडकन सुटलं. वर्धा रोडवरून बुटीबोरीपर्यंत जाऊन आले.

डॅशकॅम आहेच, आणि वायर थेट फ्यूजबॉक्समधून! तो आता काढतेय. गॅरेजवाल्याला परत फोन केला नाही. बाबा पुढच्या उन्हाळ्यातही जाणारच. तेव्हा निगेटिव्ह सोडवून ठेवला तर स्टीरिओ कोड मागेल का?

जुना_डिझेलवाला :
काही गाड्यांचे मागतात. मॅन्युअलबरोबर कोडचं कार्ड असेल तर आत्ताच शोधून ठेवा. डिकी नुसत्या बटणाने उघडत असेल तर बॅटरी सोडवल्यावर ती उघडणार नाही, पाना आत ठेवू नका. एक दार किल्लीने उघडतं ना, तेवढं तपासा.