मदत हवी आहे: सोलारिसच्या जुन्या टेप लिनक्सवर वाचताना ब्लॉक साइजचा घोळ

नमस्कार मंडळी. सोलारिस या युनिक्स प्रणालीवर टार या आर्काइव्ह कमांडने चुंबकीय टेपवर घेतलेले बॅकअप आता लिनक्सवर वाचायचे आहेत. एलटीओ (टेपचा एक प्रकार) ड्राइव्ह नीट दिसतो, टेप हाताळणाऱ्या एमटी कमांडच्या स्टेटसमध्ये ब्लॉक साइज (एका वेळी लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) ० येते, म्हणजे व्हेरिएबल मोड आहे, आकार ठरावीक नाही. एकेका टेपवर ओळीने अनेक बॅकअप असल्याने ड्राइव्हचं आपोआप रिवाइंड होणारं डिव्हाइस एसटी० टाळून रिवाइंड न होणारं एनएसटी०च वापरतोय.

काही टेप सरळ उघडतात. काहींवर मात्र टार पहिल्याच रीडला 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणून थांबतं. मेमरी भरपूर मोकळी आहे, तेव्हा टेपवरचा ब्लॉक टारच्या नेहमीच्या १० केबीपेक्षा मोठा असणार. टारला ब्लॉकिंग फॅक्टर (एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे) ५१२, म्हणजे २५६ केबी दिल्यावर त्यातली एक उघडली. बाकीच्यांवर अंदाजाने आकडे टाकत बसणं मला पटत नाही; टेप जुन्या आहेत, प्रत्येक फेरीत झिजतात, आणि दुसरी प्रत नाही.

डेटा जसाच्या तसा वाचणाऱ्या डीडी कमांडला १ एमबीचा बफर देऊन एकच ब्लॉक वाचला, तर आलेल्या बाइट्सवरून खरा आकार कळेल ना?

शिवाय ड्राइव्ह दोन आहेत आणि रीबूटनंतर एनएसटी०, एनएसटी१ची अदलाबदल होते. स्क्रिप्टमध्ये बाय-आयडी फोल्डरखालचं (ड्राइव्हच्या ओळख क्रमांकावरून बनलेलं), शेवटी एनएसटी असलेलं नाव घालणं पुरेसं आहे, की यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देणारी यंत्रणा) वेगळा नियम लिहू? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.