मे महिन्यात एवढी दमट हवा, मग पाऊस का नाही?

खाडीकाठ (रत्नागिरी)
मेमधली दुपार: कोरडा तापमापक ३३ अंश, ओला (ओल्या मलमलीत गुंडाळलेला) २८, म्हणजे आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास. आभाळात पांढरे, चपटे ढग, पण थेंब नाही. जुलैत २७ आणि २६ असताना पाऊस थांबत नाही. तेव्हा हवेत बाष्प जास्त असतं का?

घाटमाथा
जमिनीलगत नाही, उलट किंचित कमीच. टक्के सोडा, दवबिंदू काढा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो. तुमच्या मेच्या आकड्यांना तो २६.४ येतो, जुलैच्या २५.६. हवा वर चढली की तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर दर १२५ मीटरला साधारण १ अंशाने मिटतं. ते संपतं तिथे ढग सुरू होतो, म्हणून मेमध्ये ढगाचा तळ ८२५ मीटरवर, जुलैत १७५वर. पावसाळ्यात आंबा घाटात ढग रस्त्यावरच भेटतो तो यामुळे.

पण नुसता तळ खाली येऊन भागत नाही, ढगाला उंची हवी. ढगातला कण ०.०२ मिमीचा, पावसाचा थेंब २ मिमीचा. असे दहा लाख कण एकमेकांवर आदळून एक थेंब होतो. मेमध्ये खाऱ्या वाऱ्याने आणलेला ओलावा खालच्या उथळ थरातच असतो. त्यावर देशावरून आलेली तापलेली, कोरडी हवा झाकणासारखी बसते. ढगाने डोकं वर काढलं की ती त्यात मिसळते आणि कण विरून जातात. झाकण फुटलं तर वळीव. मोसमी वारे मात्र खोल असतात. केरळात मोसमी पाऊस दाखल झाल्याचं जाहीर करताना हवामान विभाग पश्चिमेचे वारे ६०० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीपर्यंत, म्हणजे चार किलोमीटरच्या वर, पोचलेत का हेही पाहतो.

खाडीकाठ
मग घाटापासून लांब, ऐन किनाऱ्यावर एवढा पाऊस कसा?

घाटमाथा
सह्याद्रीला अडलेली हवा पायथ्याशी पोचण्याआधीच उचलली जाऊ लागते. शिवाय किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की समुद्रावरच ढग वाढतात.

पर्जन्यमापी
ओल्या तापमापकाची मलमल तपासा. किनाऱ्यावर तिच्यात मीठ साचतं, बाष्पीभवन मंदावतं आणि आकडा जास्त येतो. इथे २८ऐवजी २८.५ वाचलात तर ढगाचा तळ सुमारे ९० मीटर खाली निघेल. कापड आठवड्याला बदला, पाणी डिस्टिल्ड घ्या, सावलीत छोट्या पंख्याचा वारा द्या आणि ओल्याचा पारा उतरायचा थांबला की मगच वाचा.