बाबा जाऊन चार महिने झाले, आईच्या केसपेपरवर ‘डिप्रेशन’. दुःखाला आजार म्हणायचं का?

सांगलीची_लेक

थोडं लांब होईल, सांभाळून घ्या. बाबा मार्चमध्ये गेले, अचानक, अटॅकने. आई ६३ वर्षांची. तेव्हापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलंय, पहाटे तीनला उठून बसते, आणि संध्याकाळी सहा वाजले की चहाचं आधण अजून दोन कपांचंच टाकते, मग दुसरा कप गुपचूप मोरीत ओतते. वजन सहा किलो उतरलं म्हणून भाऊ तिला एका मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेला. आत सात मिनिटं. मी बाहेर बाकावर घड्याळ बघत बसले होते म्हणून खात्रीने सांगते. एक कागद दिला, नऊ प्रश्न, टिकमार्क करा, बेरीज आली १६, केसपेपरवर ‘डिप्रेशन’, त्याचा कोड एफ ३२.१ आणि खाली गोळी, रात्री जेवणानंतर एक, महिन्याने या.

आता मला सांगा, चाळीसेक वर्षं सोबत असलेला जोडीदार गेलेल्या बाईला भूक लागत नाही, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, यात आजार कुठला आला? न रडली असती तर आजारी म्हटलं असतं ना. आपल्याकडे दहावा, तेरावा, दर महिन्याचं मासिक, मग वर्षश्राद्ध, म्हणजे घराने वर्षभर शोकात असावं हे गृहीतच धरलेलं होतं. आणि त्या कागदावर वरती लिहिलंय काय तर ‘गेल्या दोन आठवड्यांत’. दोन आठवड्यांत तेरावाच्या भांड्यांचं भाडं पण चुकतं होत नाही हो आमच्याकडे.

गोळीला माझा विरोध नाही, नाव चिकटवण्याला आहे. आई आता शेजारच्या काकूंना सांगते ‘मला डिप्रेशन झालंय’, जणू शुगर झालीय.

ओपीडी_नंबर_चार

ताई, आधी वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. मी जिल्हा रुग्णालयात सायकियाट्री बघतो, त्यामुळे तुमच्या मते विरुद्ध पार्टीचा.

सात मिनिटांबद्दल भांडणार नाही, सकाळी नऊ ते एक मध्ये सत्तर-ऐंशी केसपेपर असतात, मी पण कधी कधी सातातच उरकतो आणि रात्री घरी आल्यावर एखादा पेशंट आठवून चुटपुट लागते. पण नऊ प्रश्नांचा तो कागद, पीएचक्यू-९, निदान करत नाही, तो चाळणी आहे. निदान करायचं ते माणसाशी बोलून. १६ ही बेरीज मात्र लहान नाही, २७ पैकी आहे ती.

आता मुद्दा. तुम्ही म्हणता ते डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात खरंच होतं. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत लिहिलेलं होतं की जवळचं माणूस जाऊन दोन महिने झाले नसतील तर सहसा डिप्रेशन म्हणू नका. २०१३ ला डीएसएम-५ मध्ये ही सूट काढून टाकली आणि त्यावर तिकडे प्रचंड गदारोळ झाला. काढण्यामागचं एक मोठं कारण असं की शेत बुडालं, नोकरी गेली, घटस्फोट झाला तर लगेच निदान करता, मग फक्त मृत्यूलाच सवलत का? त्या डिप्रेशनचा पुढचा प्रवास वेगळा असतो असं काही दिसलं नाही. आणि गंमत बघा, चार महिने झालेत, म्हणजे जुन्या नियमानेही तुमच्या आईंना ती सूट मिळाली नसती.

वर्षश्राद्धाचा हिशोब मात्र तुमचा बरोबर आहे. लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आता दोन्हीकडे आलंय, डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, अट किमान सहा महिन्यांची आणि वर आपापल्या समाजाची रीत लक्षात घ्या असंही म्हटलंय, अमेरिकन पुस्तकात २०२२ ला आलं आणि तिथे बारा महिने. म्हणजे आजीच्या कॅलेंडरवरच आले की शेवटी.

मी आईंना दोन-तीन गोष्टी विचारल्या असत्या. शोक लाटांनी येतो, स्कूटरचा आवाज आला की भरून येतं, मग नातू येऊन काहीतरी बडबडला की हसूही येतं. डिप्रेशनमध्ये नातू आला काय न आला काय. शोकात ‘ते गेले’ असतं, डिप्रेशनमध्ये ‘मीच कुचकामी, माझ्यामुळेच झालं, माझा भार झालाय सगळ्यांना’ असतं. तुमच्या आईंचं यातलं कुठलं?

शंकासूर

डॉक्टरसाहेब बोलतात गोड पण आकडे सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. हेच डीएसएम-५ छापायच्या आधी फील्ड ट्रायल घेतल्या होत्या, एकच पेशंट दोन डॉक्टरांनी वेगवेगळा तपासायचा आणि किती जुळतं बघायचं. मापाला कॅपा म्हणतात, १ म्हणजे शंभर टक्के एकमत, ० म्हणजे अंदाजपंचे जेवढं जुळेल तेवढंच. मेजर डिप्रेशनचा आला ०.२८. शून्य पॉइंट अठ्ठावीस!! पॅथॉलॉजी लॅबने असे रिपोर्ट दिले तर तुम्ही परत पाय ठेवाल का तिथे?

आणि तो नऊ प्रश्नांचा कागद कोणाच्या ग्रँटवर तयार झाला माहितीये? फायझर. डिप्रेशनची गोळी विकणारी कंपनी. आता म्हणा योगायोग.

सेरोटोनिन कमी होतं म्हणून डिप्रेशन होतं ही गोष्ट पण तीस वर्षं विकली, २०२२ ला जोआना मॉन्क्रिफ आणि मंडळींनी सगळा अभ्यास एकत्र करून बघितला तर त्याला ठोस पुरावा सापडला नाही. ताई, तुमची आई दुःखी आहे, आजारी नाही. गोळी बंद करा.

दोन_ध्रुव

शेवटच्या वाक्याला जोरदार विरोध. इंटरनेटवर बसून दुसऱ्याच्या आईची गोळी बंद करू नका राव.

माझी गोष्ट उलटी आहे. मला सहा वर्षं ‘डिप्रेशन’ म्हणून गोळ्या चालू होत्या, तीन डॉक्टर झाले, प्रत्येकाने मी रडत होतो तेव्हाचं ऐकलं आणि लिहिलं. कुणी एकदाही विचारलं नाही की बाबा मधे कधी असे दिवस आले का की तीन-चार तास झोपूनही फ्रेश वाटतंय, डोक्यात शंभर प्लॅन, पैसे पाण्यासारखे जातायत. आले होते ना! पण मला वाटायचं ते माझे चांगले दिवस, ते कोण डॉक्टरला सांगतं? एकदा नुसत्या डिप्रेशनच्या गोळीवर असताना असा उसळलो की पंधरा दिवसांत बायकोचे दागिने गहाण टाकून एका मित्राच्या हॉटेलात पैसे घातले, मित्र पण गेला हॉटेल पण गेलं. मग चौथ्या डॉक्टरने माझ्या बहिणीला समोर बसवून पाऊण तास विचारपूस केली आणि बायपोलर म्हणाली, म्हणजे मूड कधी पार खाली तर कधी असा उसळलेला. मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू झालं, दर काही महिन्यांनी रक्तातली लेव्हल, थायरॉईड, किडनी, सगळं बघावं लागतं, कटकट आहे, पण आज नोकरी आहे आणि घर आहे.

त्यामुळे ०.२८ वाचून मला तुमच्यासारखं ‘निदानच नको’ वाटत नाही, मला वाटतं निदान नीट करा. चुकीचं नाव चिकटलं म्हणून माझं वाटोळं झालं आणि बरोबर नाव मिळालं त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो होतो, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

सांगलीची_लेक

@ओपीडी_नंबर_चार, तुमचे प्रश्न आईला सरळ विचारायची हिंमत झाली नाही, भाच्याला पाठवलं. तो आला की हसते, त्याला थालीपीठ लावून देते. पण परवा मला म्हणाली, त्या रात्री यांना अ‍ॅसिडिटी म्हणून मी जेलुसिल दिलं, लगेच उठवून नेलं असतं तर. हे ती महिनाभर मनात धरून होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. आता हे ‘माझ्यामुळेच झालं’ मध्ये धरायचं की कुठलीही बायको म्हणेल तसं?

ओपीडी_नंबर_चार

खरं सांगू का, एवढ्यावरून मलाही ठरवता येणार नाही, आणि याच कारणासाठी सात मिनिटं पुरत नाहीत. त्या एका रात्रीपुरता अपराध असेल तर तो शोकातही असतो. सगळ्या आयुष्यावर पसरला, म्हणजे मी बायको म्हणूनही कमी पडले, आई म्हणूनही, तर मी काळजी करेन. आणि नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, त्याला त्यांनी काय टिक केलं होतं ते भावाला विचारा. ‘यांच्याकडे जावं’ हे पुष्कळ जण म्हणतात, पण म्हणतात म्हणून सोडून द्यायचं नसतं, पुढचं विचारायचं असतं.

@शंकासूर, आकडा खरा आहे, फायझरचंही खरं आहे. पण त्याच ट्रायलमध्ये पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या आघातानंतरच्या त्रासाचा, ०.६७ आला होता तो तुम्ही सोयीने गाळलात. आणि गोळी कशी चालते याची गोष्ट चुकीची निघाली म्हणून गोळी चालत नाही असं होत नाही, पॅरासिटॅमॉल नेमकं कसं काम करतं यावर अजून वाद आहेत, ताप उतरायचा थांबलाय का? २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिप्रेशनच्या औषधांच्या ५२२ ट्रायल एकत्र केल्या होत्या, २१ औषधं, एक लाखावर पेशंट, सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस निघाली. फरक सरासरीत फार मोठा नाही, तेही कबूल.

शंकासूर

‘फार मोठा नाही’ हे केसपेपरवर लिहिता का कधी?

मेडिकलवाला

दुकानात बसून वाचतोय. ताई, स्ट्रिपवर दोन औषधांची नावं आहेत का बघा, एस्सिटालोप्राम (डिप्रेशनचं) आणि क्लोनाझेपाम (झोपेचं)? ही जोडगोळी आमच्याकडे चिक्कार खपते, मानसोपचारवालेच नाही, हाडांचे डॉक्टर पण लिहितात, साधे फिजिशियन पण. लोकांना त्यातल्या झोपेच्या भागाची सवय लागते, मग महिना संपला की चिठ्ठी नसताना येतात, ‘तीच द्या ना, गुलाबी पाकीट’. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. अल्प्राझोलाम हे तसलंच झोपेचं औषध एच-१ या सरकारी यादीत आहे, त्याची रजिस्टरला नोंद करावी लागते म्हणून थोडा वचक आहे, बाकी आनंदच आहे.

मिरजेचा_भाचा

मूळ धाग्यातल्या वर्षश्राद्धाच्या कौतुकावर बोलायचंय. माझी आत्या. काका गेल्यावर ती पण अशीच, जेवायची नाही, बोलायची नाही. सगळे म्हणाले वर्ष जाऊ दे, सावरेल. एका मावशीने देवऋषी आणला, त्याने अंगारा दिला, बाहेरचं आहे म्हणाला. डॉक्टरचं नाव काढलं तर आजोबा म्हणाले आपल्या घरात कुणी येडं नाही. वर्षश्राद्धाला आत्याचंही पान वाढावं लागलं. जास्त लिहीत नाही.

तुमच्या आईला निदान सांगायला लाज वाटत नाही, शेजारणीला सांगते, हे मला वाचताना बरं वाटलं.

गोंयची_शिक्षिका

सगळं गोळी की नो गोळी यावरच चाललंय म्हणून लिहिते. आमच्या गोव्यात संगथ संस्थेच्या लोकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत एक ट्रायल केली होती, २०१७ च्या लॅन्सेटमध्ये आहे. डिप्रेशनचे ४९५ पेशंट, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते की सायकॉलॉजिस्ट नव्हते, गावातलीच साधी माणसं ट्रेनिंग देऊन तयार केलेली. सहा ते आठ भेटी. करायचं काय तर माणूस ज्या गोष्टी सोडून बसलाय त्या एकेक करून परत सुरू करायच्या, शेजारी जाणं, देवळात जाणं, बाग, शिवण, आणि अडचणी बसून सोडवायच्या. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावरचे ३९ टक्के. पण लक्षात घ्या, हे करायला पण आधी कुणाला डिप्रेशन आहे ते ओळखावं लागलंच, आणि ओळखलं कशाने, तर त्याच नऊ प्रश्नांच्या कागदाने, शंकासूरांच्या फायझरवाल्या.

सांगलीची_लेक

भावाकडून कळलं, नवव्या प्रश्नाला आईने ‘अजिबात नाही’ टिक केलंय. जीव भांड्यात पडला.

@मेडिकलवाला, हो, दोन नावं आहेत, अगदी तीच. आणि आठवडाभरात दोनदा बाथरूमला जाताना तोल गेला तिचा, आम्ही अशक्तपणा समजत होतो.

ओपीडी_नंबर_चार

थांबा, हे आधी का नाही सांगितलंत. बीपीची गोळी चालू आहे का आईंना? तिच्या नावापुढे एच किंवा सीएच आहे का? म्हणजे पाण्याची, लघवी वाढवणारी गोळी मिसळलेली असते. साठीनंतर एस्सिटालोप्राम आणि ती एकत्र आली की काहींचं सोडियम उतरतं, गरगरतं, गोंधळल्यासारखं होतं. क्लोनाझेपामने तोल जातो तो वेगळाच. उद्याच्या उद्या सोडियम करा आणि त्याच डॉक्टरांना फोन करा. या वयात शोकात असलेल्या बाईला पहिल्याच दिवशी क्लोनाझेपाम मी दिलं नसतं, हे मी माझ्या पार्टीच्या विरोधात बोलतोय याची नोंद घ्यावी.

सांगलीची_लेक

सोडियम १३१ आलं, कमी. बीपीच्या गोळीपुढे एच आहे. डॉक्टरांना फोन केला, चिडले नाहीत, उलट या वेळी वीस मिनिटं आईशी बोलले, बाबांबद्दल विचारलं, जेलुसिलचं पण तिने स्वतःच काढलं. बीपीची गोळी फिजिशियनला सांगून बदलतायत, एस्सिटालोप्राम तूर्त बंद, झोपेचं औषध वेगळं लिहून हळूहळू कमी करायचंय, आठवड्याने परत सोडियम. एफ ३२.१ तसंच आहे केसपेपरवर, ते मी विचारलं नाही.

शंकासूर

बघा!! चांगली चालती-फिरती बाई गोळीने पाडली असती.

ओपीडी_नंबर_चार

आणि रिपोर्ट करायला कुणी सांगितलं, शंका काढणाऱ्यांनी?

ताई, झोपेची गोळी एकदम तोडू नका हं, कुणीही इथे काहीही म्हटलं तरी, उलट झोप उडते आणि धडधड वाढते. अर्धी करा म्हणाले असतील तर अर्धीच.

सांगलीची_लेक

अर्धीच चालू आहे. काल पावणेचारपर्यंत झोपली. संध्याकाळी आधण दोन कपांचंच होतं, दुसरा मी प्यायले.