प्रोब सोपा केला, रिमूव्हचं काय?

धागाकर्ता: लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडलं जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) रनटाइम पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे वापर नसताना डिव्हाइस झोपवायची सोय, सुरू करायला मोजक्या ओळी पुरतात: डिव्हाइस ॲक्टिव्ह आहे हे सांगा, ऑटोसस्पेंडची (किती वेळ रिकामं राहिलं की झोपवायचं त्याची) मुदत देऊन ते चालू करा, पीएम_रनटाइम_एनेबल कॉल करा. पण पुढे काही फसलं की सगळं उलट्या क्रमाने आवरायला गोटू-लेबलांची (चूक झाली की उडी मारून जायच्या जागांची) उतरंड रचावी लागते. गेल्या आठवड्यात माझंच एक गोटू भलत्याच लेबलवर गेलं. क्लॉक (डिव्हाइसला लागणारा घड्याळी सिग्नल) तयार नव्हता, प्रोब डिफर झाला, म्हणजे पुन्हा करायचा ठरला, आणि एनेबलला जोडीचं डिसेबल राहून गेलं. दुसऱ्या खेपेला लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड पीएम_रनटाइम_एनेबल!' २०२१ मध्ये डेव्हएम_पीएम_रनटाइम_एनेबल आलंय, त्यात डिसेबल आपोआप होतं (डेव्हएम म्हणजे ड्रायव्हर सुटला की कर्नलनेच करायची आवराआवर). सरसकट तेच का वापरू नये?

प्रतिसाद १: आपोआप, पण कधी? रिमूव्ह (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) संपल्यावर! आणि ड्रायव्हर कोअर (कर्नलचा ड्रायव्हर चालवणारा भाग) रिमूव्ह कॉल करण्याच्या जरा आधी स्वतःचा युसेज काउंट (डिव्हाइस किती जण वापरतायत ती मोजणी) सोडतो. डिव्हाइस रिकामं असेल तर तेवढ्यात सस्पेंड होऊ शकतं, क्लॉक बंद. मग तुमचा रिमूव्ह तोच क्लॉक पुन्हा बंद करतो आणि 'ऑलरेडी डिसेबल्ड'चा वॉर्निंग ट्रेस येतो. डिसेबल डोळ्यांसमोर लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते.

प्रतिसाद २: शंका येते म्हणे! पीएम_रनटाइम_गेट_सिंक (डिव्हाइस जागं करून काउंट वाढवणारं फंक्शन) फेल झालं तरी काउंट वाढलेलाच राहतो. किती जणांना शंका आली? गळक्या काउंटचे पॅच येतच राहिले, शेवटी २०२० मध्ये फेल झाल्यास काउंट स्वतःच उतरवणारं रिझ्युम_अँड_गेट आणावं लागलं. माणसाच्या लक्षात राहण्यावर कोड उभा करू नये.

धागाकर्ता: तेच म्हणतोय. क्लॉकसुद्धा डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्डने (चालूच करून देणाऱ्या फंक्शनने) घेऊ, म्हणजे रिमूव्हच नको.

प्रतिसाद १: तिथेच फसाल. तेही शेवटी क्लॉक बंद करणारच. सस्पेंडने तो आधीच बंद केलाय, हे त्याला कुठे ठाऊक? दुखणं तेच, फक्त आता ग्रेप करूनही (कोडमध्ये शब्द शोधूनही) सापडणार नाही.

धागाकर्ता: हे मात्र पटलं. मग क्लॉक साध्या डेव्हएम_क्लॉक_गेटने (जे तो चालू-बंद करत नाही) घेतो आणि एक डेव्हएम ॲक्शन (आवरताना चालणारं आपलं फंक्शन) लावतो: स्टेटस बघायचं, सस्पेंड झालेलं नसेल तरच सस्पेंड कॉलबॅक चालवायचा. डेव्हएमची आवराआवर उलट्या क्रमाने होते, त्यामुळे ॲक्शन एनेबलच्या आधी नोंदवली की ती डिसेबलनंतरच चालते.

प्रतिसाद १: चालेल. पण तिथे कॉमेंट टाका. नाहीतर पुढचा कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून त्या दोन ओळींची अदलाबदल करील.