कॅलिपर आणि ब्रेक ऑइल बदलूनही पेडल मऊच लागते

प्रश्न:
माझी गाडी २० वर्षांची आहे. पुढच्या उजव्या कॅलिपरचा (चाकाच्या चकतीवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकल्याने ते चाक चटका बसण्याइतके तापत असे आणि ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जात असे. म्हणून मी घरीच पुढचे दोन्ही कॅलिपर बदलले, पाइपच्या बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले आणि कोऱ्या चहासारखे काळपट झालेले जुने ऑइल काढून नवे डॉट ४ दर्जाचे ऑइल भरले. चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढली, बुडबुडे येणेही थांबले. तरीही पेडल पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जाते आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते. मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेला असावा का?

प्रतिसाद १:
मास्टर सिलिंडरवर खर्च करण्याआधी चाके काढून हवा काढायचे निपल कोठे आहे ते पाहावे. अनेक गाड्यांचे डावे-उजवे कॅलिपर एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात आणि अदलाबदल झाली तरी बोल्ट मुकाट्याने बसतात. मग निपल वरच्या टोकाऐवजी खाली येते, हवा वर अडकून राहते आणि तुम्ही कितीही ऑइल घातलेत तरी निपलमधून स्वच्छ ऑइलच येते. बुडबुडे थांबले म्हणजे हवा संपली, असे धरून चालू नये.

प्रतिसाद २:
वरील शक्यता मलाही सर्वाधिक वाटते. मात्र मागे ड्रम ब्रेक असतील आणि त्यांचे शू (ड्रमला आतून दाबणारे भाग) ढिले असतील, तरीही पेडल असेच वागते, हे विसरू नये. मास्टर सिलिंडरची शंका असेल तर इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरावे. बाहेर कोठेही गळती नसताना ते हळूहळू खाली बसू लागले, तर आतले रबरी सील गेले असे समजावे. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले होते का? जुन्या सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन कधी पोहोचत नाही तेथे गंज व मळ साचलेला असतो आणि त्यावर सील घासून फाटते. मी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतो.

प्रश्नकर्ता:
दोन्ही निपल खालीच होते! अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली आणि पेडल पहिल्याच दाबाला घट्ट झाले. आता बाटलीत निघालेले ऑइल स्वच्छ दिसते. ते परत वापरता येईल का? आणि पुढच्या वेळी डॉट ५ घालावे का?

प्रतिसाद ३:
दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश असावा, एवढेच मानक सांगते, आणि नळीतून उघड्या बाटलीत पडलेल्या ऑइलने किती ओलावा घेतला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ४ मध्ये मिसळू नये, डॉट ५.१ मात्र ग्लायकोलचेच असल्याने चालते. नावे देणाऱ्याने गोंधळ घातला आहे खरा. रंगावर ऑइल सांडले असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग उचलते. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून कोणाला तरी मिनिटभर पेडल जोरात दाबून धरायला सांगावे आणि तांब्याच्या प्रत्येक वॉशरभोवती कोरडा कागद फिरवून गळती नाही ना ते पाहावे.