कॅनडातलं मेनोनाइट गाव बघायला जायचंय, तिथे वागायचं कसं?

सुदामानगरची_काकू: नमस्कार मंडळी, जूनमध्ये आम्ही दोघं इंदूरहून लेकीकडे वॉटरलूला जातोय. जावई म्हणतात जवळच सेंट जेकब्स आहे, आजूबाजूला मेनोनाइट नावाच्या ख्रिश्चन पंथाच्या लोकांची शेतं, अजून घोड्याच्या बग्गीतून फिरतात, एक दिवस नेतो. ह्यांनी तर कॅमेरा पुसायला पण काढला. मला मात्र अवघड वाटतंय, कोणाच्या दारात उभं राहून माणसं बघायची म्हणजे काय झू आहे का? कोणी गेलंय? आणि आम्ही अंडंही खात नाही, त्याचं काय?

रामबाग_ते_किचनर: काकू बिनधास्त जा, फक्त गिऱ्हाईक म्हणून जा. गुरुवारी किंवा शनिवारी सकाळी, तेव्हा मोठा शेतकरी बाजार भरतो. पण खरं सांगू का, बाजारात आता सगळ्याच प्रकारचे दुकानदार आहेत, मजा जवळच्या एल्मायरा गावाकडच्या आतल्या रस्त्यांवर आहे, शेताच्या फाटकाशी पाट्या दिसतात, मेपल सिरप, बटाटे, गोधड्या वगैरे, तिथे थांबून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. रविवारी नको, जुन्या वळणाचे लोक त्या दिवशी काहीच विकत नाहीत, पाटीवरच लिहिलेलं असतं. इंग्रजी येतं सगळ्यांना, आपसात पेनसिल्व्हेनिया जर्मन ही जर्मनची बोली बोलतात. पीकपाण्याचं विचारा, छान बोलतील, पण बोलावल्याशिवाय घराकडे वळू नका.

आणि काकांना आत्ताच सांगा, माणसांचे फोटो नाही. बायबलमध्ये प्रतिमा करू नये अशी आज्ञा आहे, शिवाय स्वतःला मिरवणं त्यांना पटत नाही. वेस्ट मॉन्ट्रोजला १८८१ चा छपराचा लाकडी पूल आहे, त्याचे काढा हवे तेवढे. जावयांना म्हणावं बग्गीमागे हॉर्न मारू नका, घोडा बुजतो, लांबून ओव्हरटेक करा.

पोहे_शेव_जिंदाबाद: खाण्याचं मी सांगते. तिथे पाय (pie) मिळतो, म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, त्याच्या कव्हरमध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, त्याला लार्ड म्हणतात, दिसायला निव्वळ सफरचंदाचा पाय म्हणून घेऊन मोकळ्या व्हाल. बेक्ड बीन्समध्येही पोर्क असू शकतं. फ्रिटर (सफरचंदाची गोड भजी), केक म्हणजे अंडं आलंच. मेपल सिरप आणि ॲपल बटर मात्र बिनधास्त घ्या, ते सफरचंद आटवून केलेलं असतं, आपल्या मुरंब्याच्या वळणाचं. जूनच्या शेवटी गेलात तर स्ट्रॉबेरी.

जुना_एमपीवाला: एक गोष्ट कोणी बोललं नाही. सगळे मेनोनाइट बग्गीवाले नसतात. वॉटरलूतलेच कितीतरी गाडी चालवतात, नोकऱ्या करतात, तिथल्या युनिव्हर्सिटीत त्यांचं कॉलेज आहे. ज्याच्यावरून त्यांचं नाव पडलं तो मेनो सिमन्स डच पाद्री, १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं, बाप्तिस्मा मोठेपणी समजून घ्यायचा आणि हत्यार उचलायचं नाही हा त्यांचा आग्रह, त्यापायी देश सोडत सोडत अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया, मग १८०० च्या सुमारास ऑन्टारियो. आणि भिया, आपल्या धमतरीत १८९९ पासून त्यांचं मिशन, छत्तीसगढ वेगळं होईपर्यंत ते एमपीतच होतं! तिथे कोणी बग्गीत फिरत नाही.

बग्गीवाल्यांतही काही गट ट्रॅक्टर आणि फोन वापरतात, फक्त मोटार नाही. कुठली वस्तू घ्यायची ते समाज मिळून ठरवतो, एकट्याची हौस चालत नाही. त्यामुळे मागासलेले बिचारे अशा नजरेने बघू नका.

विजयनगर_विकी: मला तरी हा प्रकार खटकतोच. गिऱ्हाईक म्हणा नाहीतर काही, शेवटी बघायलाच जातो ना आपण.

रामबाग_ते_किचनर: @विकी टूर बसमधून उतरून खिडकीत डोकावणाऱ्यांबद्दल बोलत असशील तर सहमत. पण ज्याने स्वतः पाटी लावलीय त्याच्याकडून बटाटे घेण्यात काय खटकायचं, त्यांना विक्रीच हवी आहे.

सुदामानगरची_काकू: सगळ्यांचे आभार, लार्डचं बरं सांगितलंत. गोधडी केवढ्याला पडते हो साधारण?

रामबाग_ते_किचनर: हाताने शिवलेली मोठी असेल तर हजार डॉलरच्या घरात जाऊ शकते. काकांना आधी खुर्चीत बसवा, मग विचारा. बजेट नसेल तर गरम भांडी धरायच्या छोट्या चौकोनी कापडी गाद्या घ्या, त्या स्वस्त असतात.